मुंगी हो म्हणाली

माझा मेंदू मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्याचं वजन एका सीडीएवढं होतं. सीडीवर निळ्या मार्करनं माझं नाव, त्यातली एक वेलांटी चुकलेली, आणि खाली तारीख. २०२१ चा पावसाळा होता. दोन आठवडे मला चक्कर येत होती. म्हणजे मी उभी राहिले की घर बसायचं आणि मी बसले की घर उभं राहायचं. डॉक्टर म्हणाले, एक एमआरआय करून टाकू. त्या पांढऱ्या नळकांड्यात मी पाऊण तास निपचित पडून राहिले आणि कुणीतरी गच्चीवरचे पत्रे बडवत असल्यासारखा आवाज ऐकत राहिले. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. वयोमानाप्रमाणे थोडी झीज आहे, बाकी विशेष काही नाही, एवढाच त्याचा मराठीत अर्थ. ज्या मेंदूनं चौतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, दोन भावांची लग्नं जुळवली आणि आजही जो भाजीवाल्याच्या आधी त्याचा हिशेब करून मोकळा होतो, त्याच्याबद्दल 'विशेष काही नाही' हे वाचून हुश्श करायचं की अपमान वाटून घ्यायचा, हे मला ठरवता येईना. चक्कर कानातली निघाली आणि गोळ्यांनी गेली. सीडी मात्र राहिली, टेबलाच्या खणात, लाइट बिल आणि रेशन कार्डाच्या मधे.

खरं तर ती तिथंच राहायला हरकत नव्हती. आमच्या घराण्यात आजवर कुणी आपला मेंदू पाहिलेला नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलेलं नाही. पण खणात आपलं डोकं ठेवलेलं आहे हे एकदा माहीत झाल्यावर लाइट बिल काढतानासुद्धा हात जरा दबकून आत जायला लागला. शेवटी बेंगळुरूच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, तुला आर येतं ना? मग त्यातच उघड की. मेंदूच्या फोटोंसाठी पॅकेजेस आहेत. इन्स्टॉल कर, पाच मिनिटांचं काम." आमच्या गावाकडे कुणालाही वाट विचारली की 'हे काय, इथंच' असं सांगायचे आणि मग दोन डोंगर चढावे लागायचे. भाच्याची पाच मिनिटं त्याच जातीची.

त्याचा जुना, उबुंटू घातलेला लॅपटॉप माझ्याकडेच पडून होता. त्याला सीडी घालायला तोंडच नव्हतं. मग मी सीडी पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि त्यानं वीस रुपयांत माझा मेंदू पेन ड्राइव्हवर उतरवून दिला. "काकू, यात व्हायरस बियरस नाही ना?" त्यानं विचारलं. रिपोर्टाप्रमाणे तरी नाही, असं मी म्हणाले.

आरची आणि माझी ओळख जुनी. वर्गात बॉक्सप्लॉट काढण्यापुरती, सरासरी आणि प्रमाण विचलन विचारण्यापुरती. जिन्यात भेटणाऱ्या शेजारणीसारखी. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही भाषा रचली. दोघांच्याही नावाचं आद्याक्षर आर. त्याआधी अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये एस नावाची भाषा होती, तिच्याही शेजारचं अक्षर आर. झालं, ठेवलं नाव. बारशाला आत्याला बोलावलं नाही की अशी नावं पडतात. तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० ला, त्यामुळे वाढदिवसही चार वर्षांतून एकदा. भाच्याच्या लॅपटॉपवर होती ती ३.६.३ ही आवृत्ती, बरोबर वीस वर्षांनी, २९ फेब्रुवारी २०२० ला काढलेली. प्रत्येक आवृत्तीला एक लाडाचं नाव असतं, ते चार्ल्स शुल्झच्या 'पीनट्स' चित्रमालिकेतून घेतात. हिचं नाव 'होल्डिंग द विंडसॉक'. विमानतळावर वारा कुठला आहे ते दाखवणारी कापडी सोंड असते ना, ती कुणीतरी धरून उभं आहे. का, ते विचारायचं नाही. आणि उघडल्या उघडल्या ही बाई काय सांगते? की मी फुकट आहे आणि माझी कसलीही, अगदी कसलीही हमी नाही. लग्नाच्या दोन बैठकांमध्ये मी पुढाकार घेतलेला आहे, इतका प्रांजळपणा कुठल्याच बाजूकडून ऐकलेला नाही.

मी पहिलं पॅकेज मागितलं. लगेच आरनं उलट प्रश्न केला: कुठला आरसा? या पॅकेजांचं मुख्य कोठार व्हिएन्नात आहे. १९९७ मध्ये तिथल्या कुर्ट होर्निक आणि फ्रिडरिश लाइश या दोघांनी ते सुरू केलं आणि त्याला क्रॅन म्हणतात. जगभर त्याच्या हुबेहूब प्रती ठेवलेल्या आहेत आणि त्यांना मिरर म्हणतात. देशोदेशींच्या आरशांची लांबलचक यादी समोर आली. माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे सोफ्यावर आडवं पाडून विचारणारे फ्रॉइडही व्हिएन्नातच दवाखाना थाटून होते, त्या गावाला हा नादच असावा. मला चेहरा बघायचा नव्हता, चेहऱ्याच्या मागचं बघायचं होतं, तरीही आधी आरसा निवडणं भाग होतं. यादीत सगळ्यात वर 'क्लाउड' होता. बाहेर आभाळ भरून आलेलं. मी ढग निवडला.

पहिली दोन-तीन पॅकेजं गुमान आली. पण भाच्यानं ज्याची शिफारस केली होती ते अँट्सआर. पेनसिल्वेनिया विद्यापीठात तयार झालेल्या अँट्स नावाच्या साधनसंचाचं हे आरमधलं रूप. त्या नावाचा विस्तार मोठा भारदस्त आहे, पण आद्याक्षरं जुळवली की मुंग्या होतात. मी मुंग्यांना हाक मारली. मुंग्या म्हणाल्या, आम्ही येऊ, पण आधी अँट्सआरकोअर पाहिजे. अँट्सआरकोअर म्हणालं, मी येईन, पण आधी आयटीकेआर पाहिजे. आयटीकेआर म्हणालं, मला सीमेक पाहिजे, गिट पाहिजे. आणि हे सगळं जिथून आणायचं तिथं नेणाऱ्या पॅकेजाला आणखी एक पॅकेज पाहिजे होतं, त्याला आणखी एक, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी लिबकर्ल नावाची कुणीतरी होती, तिच्यावाचून कुणीच जागचं हलायला तयार नव्हतं. तांबड्या अक्षरांत आर एकेकाचा नकार मला वाचून दाखवत होतं. मी हात मांडीवर ठेवून ऐकत बसले, आणि एकदम वाटलं की हे मी आधी ऐकलेलं आहे. याच क्रमानं. अंधारात.

आमच्या आजीची ती चिमणीची गोष्ट. चिमणीला हरभऱ्याचा एक दाणा मिळतो आणि तो खुंटाच्या फटीत अडकतो. ती सुताराला म्हणते खुंट फोड, सुतार म्हणतो एका दाण्यासाठी मी कशाला फोडू. मग ती राजाकडे जाते, सुताराला दंड कर म्हणून. राजा नाही म्हणतो. मग राणीकडे, राजावर रुस म्हणून. मग उंदराकडे, राणीची पैठणी कुरतड म्हणून. मग मांजर, मग कुत्रा, मग काठी, मग आग, मग समुद्र, मग समुद्र पिऊन टाकणारा हत्ती. एकेक जण नाही म्हणत जातो आणि चिमणी दाण्यापासून लांब लांब जात राहते, इतकी की हत्तीपाशी पोचल्यावर मुळात दाणा होता हेच ऐकणारा विसरतो. प्रत्येक घरची साखळी थोडी वेगळी असते. माझ्या एका मैत्रिणीच्या आजीकडे मधे एक वेल यायची. आमच्या आजीकडे राणीची पैठणी नेहमी जांभळी असायची. शेवटी चिमणी मुंगीकडे जाते, हत्तीच्या कानात शीर म्हणून. आणि मुंगी म्हणते, हो, चल.

मी एकदा आजीला विचारलं होतं, सगळे नाही म्हणाले, मग मुंगीच का हो म्हणाली? आजी म्हणाली, "कुणीतरी हो म्हणायलाच लागतं बाई. नाहीतर तू झोपणार कधी?"

मुंग्या इथंही होत्या खऱ्या, पण त्या साखळीच्या शेवटच्या टोकाला नव्हत्या, पहिल्याच टोकाला होत्या; मुंगीसाठीच सगळा समुद्र हलवायचा होता. हे ध्यानात आल्यावर मला गंमत वाटली आणि थोडी धास्तीही. तळाला जाऊन लिबकर्लपासून सुरुवात करायची. तिच्या बाबतीत मात्र आरचं बोलणं अगदी वेगळं होतं. नुसतं 'नाही' न म्हणता त्यानं उबुंटूवाल्यांनी अमुक आणावं, फेडोरावाल्यांनी तमुक, अशी यादीच दिली. आजीच्या बटव्यातून निघावं तसं, कफ असेल तर हे उगाळ आणि वात असेल तर ते. कुण्या जाणत्या माणसानं, दहा हजार लोकांनी इथंच ठेच खाल्लेली पाहून, त्या दगडाशेजारी पाटी लावून ठेवली होती. लिनक्समध्ये असं अधिकाराचं काम सांगायचं असेल तर हुकमाआधी 'सुडो' असं लिहावं लागतं. मी ते लिहिलं, आणि खरं सांगायचं तर थोडं सूड उगवल्यासारखंच लिहिलं.

तरी आयटीकेआर आलं नाही. तासाभरानं पडद्यावर वाक्य उमटलं की हे पॅकेज 'नॉन-झिरो एक्झिट स्टेटस' घेऊन बाहेर पडलेलं आहे. म्हणजे जाताना त्याच्या हातात शून्य नव्हतं. आता मी आयुष्यभर भोपळे वाटलेली बाई. तीन-तीन तासांच्या पेपरावर शेवटी लाल शाईनं काढलेलं ते वाटोळं, आणि ते बघून खिडकीबाहेर बघणारी पोरं, हे माझ्या हातचं काम. आणि इथं उलटंच. संगणकाच्या राज्यात काम सुरळीत पार पडलं की शून्य घेऊन परत यायचं. काही बिघडलं की एक, दोन, एकशे सत्तावीस, काहीही घेऊन यावं. त्यातही शहाणपण आहे म्हणा. सुरळीत होण्याची तऱ्हा एकच असते, तिला एकच आकडा पुरतो. बिघडण्याच्या तऱ्हांना बाकीचे सगळे आकडे लागतात. ज्या पोरांना मी भोपळा दिला ती आता कुठं कुठं मोठ्या पगारावर आहेत. त्यांना हे तेव्हाच ठाऊक असणार.

सीमेक नव्हतं, म्हणून आयटीकेआर अडलं होतं. त्याच्या खालोखाल ओळ होती की आयटीकेआर उपलब्ध नसल्यामुळे अँट्सआरकोअरही नाही. राजा नाही म्हणाला, म्हणून सुतारही नाही.

सीमेक आणलं आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा फिरायला लागला आणि पडद्यावर टक्के येऊ लागले. आयटीके हे मूळचं प्रचंड काम, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं १९९९ मध्ये हाती घेतलेलं, मानवी शरीराच्या आतल्या चित्रांसाठी. ते सगळं आता माझ्या जेवणाच्या टेबलावर, मसाल्याच्या डब्याशेजारी, नव्यानं दळलं जात होतं. चार टक्के. पाच टक्के. मी कुकर लावला. अकरा टक्के. शिट्ट्या मोजताना टक्के चुकले आणि टक्के मोजताना शिट्ट्या, त्यामुळे भात मऊ झाला.

त्या रिकाम्या वेळात मी भाच्यानं पाठवलेल्या एका जुन्या लेखातलं आणखी एक पॅकेज मागून पाहिलं. तुमच्या आवृत्तीसाठी उपलब्ध नाही, असं उत्तर आलं. शोधल्यावर कळलं की ते क्रॅनवरून काढून अडगळीत टाकलेलं आहे, कारण सांभाळणाऱ्याला धाडलेली ईमेल परत येते. कोठाराचा नियमच आहे तसा. प्रत्येक पॅकेजामागे एका सांभाळणाऱ्याचं नाव आणि चालू पत्ता हवा. भाषा बदलली, काही मोडलं, की त्याला कळवतात. त्यानं दुरुस्त करून द्यायचं. तो थांबला आणि दुसरा कुणी पुढं आला नाही तर काही पॅकेजांच्या नावापुढं सरळ 'अनाथ' असं लिहितात, तेही मोठ्या अक्षरांत. मला आमच्या गावाबाहेरची पाणपोई आठवली. वडाखाली तीन रांजण, त्यांवर ओलं फडकं, एक पितळी ओगराळं. कोण भरतं ते रांजण, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणी कधी विचारलं नाही. एका उन्हाळ्यात ते कोरडे राहिले तेव्हा कळलं की भरणारे काका मुलाकडे मुंबईला गेले. ज्याची ईमेल परत येते तो माणूस कुठं गेला असेल? पीएचडी संपली असेल, बँकेत नोकरी लागली असेल, मूल झालं असेल. कधीतरी रात्री जागून त्यानं मेंदूचे फोटो उघडायचा हा रांजण भरला होता, कसलीही हमी न देता, माझ्यासारखी कुणी म्हातारी पुण्यात भात लावून बसेल हे ठाऊक नसताना.

चौतीस टक्क्यांवर वीज गेली. लॅपटॉपच्या बॅटरीत चाळीस मिनिटं होती. मी मेणबत्ती लावली, आणि तिच्या उजेडात अमेरिकेची नॅशनल लायब्ररी दळली जात राहिली.

भाच्यानं मुंग्यांची शिफारस का केली होती ते सांगायला हवं, कारण त्यात माझ्या विषयाचाच गाभा आहे. मेंदू सगळ्यांचे सारखे नसतात. कुणाची घडी इकडे, कुणाची तिकडे. तेव्हा तुलना करायची तर आधी सगळ्यांना एका साच्याशी जुळवून घ्यावं लागतं. पूर्वी हा साचा म्हणजे तालैराक आणि तूर्नू यांचा १९८८ चा नकाशा. तो एकाच मेंदूवरून काढलेला होता, साठ वर्षांच्या एका फ्रेंच बाईच्या, तिच्या मृत्यूनंतर. कितीतरी वर्षं जगभरातले लोक आपल्या पेशंटांच्या डोक्यातल्या जागा तिच्या डोक्यावरून मोजत होते. तिचं नाव नकाशावर नाही. माझ्याहून तीन वर्षांनी लहान होती. घरी कुणी तिला काही विचारलं असेल तर ती म्हणाली असेल, मला काय कळतंय त्यातलं.

नंतर माँट्रियलच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटनं १५२ जणांच्या मेंदूंची सरासरी काढून नवा साचा केला. सरासरीवर माझा भारी जीव. वर्गात मी पहिल्याच तासाला सांगायचे की सरासरी माणूस रस्त्यावर कधी भेटत नाही, आणि पोरं वहीत लिहून घ्यायची. आता तो सरासरी मेंदू चित्रात समोर होता, जरासा धूसर, खूप लोक एकाच खुर्चीत बसल्यासारखा. मुंग्यांची खुबी अशी की त्या माझ्या मेंदूला ओढून-ताणून त्या साच्यात कोंबत नाहीत. त्यांच्या पद्धतीत दोन्ही चित्रं एकमेकांकडे सरकतात आणि मधोमध भेटतात. माझी मुंबईची बहीण आणि मी वर्षातून दोनदा अशाच लोणावळ्याला भेटतो. ती घाट चढून येते, मी गाडीनं जाते, चिक्की दोघी घेतो. हे गणित कुणा पुरुषानं मांडलेलं असलं तरी त्यामागे एखादी समंजस बहीण असणार असं मला वाटून गेलं.

वीज आली. रात्री पावणेअकराला पडद्यावर 'डन' उमटलं आणि कंसात आयटीकेआर. मी खुर्चीत सरळ बसले. आता सगळं उलटं धावायला लागलं. आयटीकेआर झालं म्हणून अँट्सआरकोअर निघालं. थोड्या वेळानं तेही 'डन'. ते झालं म्हणून अँट्सआर. आजी इथं श्वास घ्यायची नाही. मुंगी निघाली हत्तीकडे, हत्ती निघाला समुद्राकडे, समुद्र निघाला आगीकडे, आग काठीकडे, काठी कुत्र्याकडे. सगळे आपापल्या भीतीनं एकदम कामाला लागायचे, आणि जांभळी पैठणी वाचायची, आणि सुतार म्हणायचा थांबा थांबा, फोडतो खुंट. चढताना जी गोष्ट पाऊण तास घ्यायची ती उतरताना मिनिटभरात घरी यायची. मी मात्र बहुधा सुतारापर्यंत कधी पोचलेच नाही. समुद्राच्या आसपास झोप लागायची.

पुढचं सरळ होतं. सीडीवरच्या एकशे शहात्तर कापांच्या सुट्या फायली एकत्र बांधून एक निफ्टी फाइल केली. या फायलीच्या सुरुवातीला तिची ओळख सांगणारा मजकूर असतो, बरोबर ३४८ बाइटांचा, आणि त्यातला अगदी पहिला आकडा म्हणजे ३४८ हाच. पूर्वी पत्रावर आधी 'श्री' लिहायचे तसं. वाचणाऱ्या प्रोग्रामला तिथं ३४८ दिसलं नाही तर तो ओळखतो की आकडे उलट्या क्रमानं लिहिले गेलेत, आणि उलटं वाचायला लागतो. रागावत नाही. माझ्या फायलीत ३४८ होते. पुढं एक कोटी पंधरा लाख ठिपके, प्रत्येक सुमारे मिलिमीटरभर, प्रत्येकाला एक आकडा. चौतीस वर्षांचं संख्याशास्त्र, गाठीभेटी, तीन पत्ते विसरलेले आणि एक जांभळी पैठणी या आकड्यांत कुठंतरी. दोन बाजूंना बदामाएवढे बदामच असतात म्हणे, ग्रीकांनी त्यांना तेच नाव दिलंय, आणि त्यांना लागून समुद्रघोड्यासारखी वळलेली एक पट्टी, जिच्यात आठवणी जुळतात. आजी रात्री बदाम भिजत घालायची, परीक्षेच्या आठवड्यात. नेमके कुठं पोचतात हे तिला ठाऊक असावं.

चित्र उघडलं. एका चौकटीत समोरून, एकीत वरून, एकीत बाजूनं. काळ्या पाटीवर राखाडी अक्रोड. माझी पहिली प्रतिक्रिया ही की बरा आहे, नीटनेटका आहे. दुसरी ही की डावं कुठलं? हा प्रश्न साधा नाही. क्ष-किरणवाल्या डॉक्टरांची रीत अशी की पेशंट समोर उभा आहे असं धरायचं, म्हणजे त्याचं डावं चित्रात उजवीकडे येतं. मेंदूवाल्या काही संशोधकांची रीत बरोबर उलट. निफ्टीच्या आधीच्या फायलींत तर या गोंधळाला अंतच नव्हता. म्हणून काही ठिकाणी तपासणीआधी पेशंटच्या एका कानशिलाला ई-जीवनसत्त्वाची गोळी चिकटपट्टीनं लावतात. गोळीतलं तेल चित्रात पांढरंशुभ्र चमकतं आणि बाजू कळते. एवढ्या कोट्यवधींच्या यंत्राला शेवटी दृष्ट लागू नये म्हणून लावतात तशी एक तीट लागते. मला कुणी गोळी लावली नव्हती. पण समोरच्या चौकटीत मी खाली सरकत गेले, डोळ्यांच्या खोबणींच्या मधे, आणि तिथं नाकाचा मधला पडदा वाकडा दिसला, पडद्यावर उजवीकडे झुकलेला. दहा वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिच्या नाकाचं हाड डावीकडे वाकलंय. म्हणजे ही डॉक्टरांची रीत. उजवं ते डावं. माझी तीट मला जन्मतःच लावून दिलेली होती.

मग मी बाजूच्या चौकटीकडे पाहिलं. अगदी मधला काप होता. मेंदूपुढं कपाळ, कपाळाखाली एक बारीकसा खळगा, मग नाक, मधे किंचित उंच होऊन खाली उतरलेलं, मग ओठ, हनुवटी. काळ्यावर राखाडी. ते मी नव्हे. स्वतःला मी बाजूनं कधी पाहिलेलंच नाही. ती आजी होती. आजीचा एकुलता एक फोटो समोरून काढलेला आहे, त्यात ती फोटोग्राफरला घाबरून बसल्यासारखी दिसते. पण ती गोष्ट सांगायची ती उताणी पडून, छताकडे बघत, आणि मी तिच्या कुशीला, खिडकीच्या उलट बाजूला. खिडकीतला जो काही उजेड असायचा त्यावर तिची ही एवढीच रेघ दिसायची. कपाळ, खळगा, नाक. हत्ती म्हणताना हनुवटी वर जायची.

भाच्याचा फोन आला. "झालं का इन्स्टॉल?"

"झालं."

"मग आता कवटी सोल. एफएसएलपण आहे त्यावर, त्यात बेट नावाचा प्रकार आहे. आरमधून एका ओळीत होतं."

एफएसएल हा ऑक्सफर्डच्या मंडळींनी केलेला साधनसंच आणि बेट म्हणजे त्यातली कवटी सोलायची रीत. मेंदूच्या मध्याजवळ एक इवलासा गोल ठेवतात आणि तो फुग्यासारखा सावकाश फुगवत नेतात, मेंदूच्या कडेला टेकेपर्यंत. मग फुग्याच्या आतलं तेवढं ठेवायचं आणि बाहेरचं सगळं पुसायचं: हाड, कातडी, डोळे, नाक, चेहरा. किती कडेनं कापायचं तो आकडा शून्य ते एकच्या मधला, काही नाही सांगितलं तर अर्धा. अभ्यासाला मेंदू तेवढाच लागतो. आणि चेहरा ठेवला तर नाव पुसूनही माणूस ओळखू येतो, म्हणून तो काढतातच.

मी ती ओळ लिहिली. एकही स्पेलिंग चुकलं नाही. बाहेर पाऊस पुन्हा सुरू झाला होता आणि पंखा आता शांत फिरत होता.

"आत्या? सोललं का?"

"उद्या," मी म्हणाले. "आत्ता झोप आलीये."